सरळ ठेवलेला हात

टेंभी नाका, ठाणे
२ नोव्हेंबर १९५२

चि. उत्तरास आशीर्वाद. तू मागितलेले नाहीस, पण थोरल्या भावाने ते द्यायचे असतात म्हणून देतो.

भाऊबीजेला आज तेरा दिवस झाले. मला ओवाळलंस, आणि तबकात सुपारीच्या शेजारी इस्पितळाच्या कागदांचं पुडकं ठेवलंस. ‘दादा, यंदा ओवाळणी मीच घालते,’ म्हणालीस आणि ट्रंक उचलून पायऱ्या उतरलीस. सगळ्या आळीने पाहिलं. डाव्या हातात ट्रंक, आणि उजवा पुढे काढलेला, जणू कुणाला वाट दाखवते आहेस. तुझी वहिनी तेव्हापासून रडते आहे. सुमतीला रडायला कारण लागत नाही हे खरं, पण या खेपेला तू तिला आयतं दिलंस.

बारा वर्षं या घरात होतीस. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तुला उंबरा ओलांडू दिला नाही, तेव्हा घरात मी घेतलं. उजव्या कोपराला हाडाचा क्षय झाला, तेव्हा इस्पितळात कोणी नेलं? सह्या कोणी केल्या? मोठ्या डॉक्टरांनी सांधा उघडला, सडका भाग खरवडून काढला आणि वरचं हाड खालच्या हाडाला कायमचं जखडून टाकलं. दुखणं गेलं, हात वाचला. आता तो वाकत नाही म्हणून तुझी तक्रार. अगं, जखडलेला सांधा वाकत नसतो! दाराला कुलूप घालून घ्यायचं आणि मग दार उघडत नाही म्हणून लोहाराच्या नावाने खडे फोडायचे, यातली गत.

दाव्यासाठी माझ्याकडे दिलेल्या त्या पुडक्याची गाठ तू स्वतः मारलेली होतीस आणि ती सव्वा वर्षाने तशीच सापडली. एवढ्यावरून तू ठरवलंस की दादाने काही केलंच नाही. सव्वीस वर्षं कोर्टाच्या दप्तरात कारकुनी केली आहे मी. कोणता कागद केव्हा सोडायचा ते मला तुझ्याकडून शिकायचं नाही.

आणि गेलीस कुठे, तर आंबिवलीला, शेवंतीकडे! इस्पितळातल्या आयाकडे! प्लास्टरमध्ये होतीस तेव्हा चार महिने तिने तुला भरवलं हे मला ठाऊक आहे. इस्पितळात सगळं चालतं. म्हणून काय जन्मभर तिच्या चुलीवरचं खायचं? आळीत विचारतात, बहीण दिसत नाही हल्ली. मी सांगतो, हवापालटाला गेली आहे. आंबिवलीला हवापालट! लोक हसतात, आणि मला त्यांच्याबरोबर हसावं लागतं.

मंदाला पुढच्या महिन्यात बघायला येणार आहेत. मुलगा कल्याणचा, रेल्वेत आहे. घरातली विधवा आत्या भाऊबीजेच्या दिवशी ट्रंक घेऊन निघून गेली हे त्यांच्या कानावर गेलं तर ते काय समजतील? तुझी भाची आहे ती. माझा राग तिच्यावर काढू नकोस.

परत ये. मागचं मी काढणार नाही. तुझं पान पूर्वी जिथे मांडत होते तिथेच मांडलं जाईल.

त्र्यंबक

ता. क. या पत्राची नक्कल माझ्याकडे ठेवली आहे. तूही पत्रं जपून ठेवत जा, ती सवय चांगली.


टेंभी नाका, ठाणे
७ डिसेंबर १९५२

गं. भा. उत्तराबाई यांस,

वकिलाच्या ओसरीवर जाऊन बसणाऱ्या बाईला चिरंजीव म्हणवत नाही, म्हणून हा मायना.

तुझं पत्र वाचायला मला दोन संध्याकाळी लागल्या. डाव्या हाताचं अक्षर म्हणजे दौतीत पडलेली मुंगी कागदावर चालली आहे. पण मतलब कळला. कल्याणच्या महिपतराव वकिलांनी तुला सांगितलं की शरीराला झालेल्या इजेची भरपाई मागायची तर मुदत एक वर्षाची. ऑपरेशन झालं ९ फेब्रुवारी १९५१ ला. प्लास्टर जूनमध्ये निघालं. जुलैत तू कागद माझ्याकडे दिलेस. म्हणजे सात महिने हातात होते आणि दादाने ते घालवले, असं तुझं म्हणणं.

मी तेव्हा काय म्हणालो होतो ते आठव. ‘बघतो’ म्हणालो होतो. करतो म्हणालो नव्हतो. आणि बघितलं मी. दर महिन्याला तू विचारायचीस, ‘दादा, तारीख पडली का?’ आणि मी सांगायचो, पडेल. यंदाच्या ९ फेब्रुवारीला संध्याकाळी घरी आलो तेव्हाही तू चहाचा कप पुढे करून तेच विचारलंस. मी म्हटलं, आज नाही पडली. ते खोटं नव्हतं.

आता महिपतरावांचा सल्ला घेऊन तू फौजदारी करणार, नाहीतर डॉक्टरांच्या मंडळाकडे अर्ज करणार. कर. फौजदारीत डॉक्टरची बेपर्वाई दाखवावी लागते, आणि ती दाखवायला दुसरा डॉक्टर उभा करावा लागतो. कोण डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरविरुद्ध तोंड उघडतो, नाव सांग. मंडळात बसतात तेही डॉक्टरच. जखम दिवाळीपर्यंत वाहत होती हे दाखवशील, तर ते म्हणतील क्षयाच्या हाडाची जखम वाहतेच. हाड जुळलं की नाही? जुळलं. दुखतं? नाही. मग इजा कसली? हात तोंडापर्यंत पोचत नाही, एवढीच? बैल गेला आणि झोपा केला, याला तुझ्याइतकं चांगलं उदाहरण मला शाळेत कुणी दिलं नव्हतं.

आणि पत्राच्या शेवटी जे लिहिलंस ते. शेवंती म्हणे तुला सांगते, ‘बाय, तुजे दादानीच सांगलंय डॉक्टरला, हात सरल ठेवा म्हणून. मी भांडा घेऊन उभी होते, माजे कानानी आयकलंय.’

शेवंती ज्या बोलण्याबद्दल सांगते ते इंग्रजीत चाललं होतं. तिला त्यातलं काय कळणार? आणि तसं काही बोलणं झालंच नाही. डॉक्टरांनी त्यांच्या अकलेने हात ठेवला. हा विषय इथे संपला.

मंदाला बघून गेले. मुलगी पसंत आहे. मुलाच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवता ठेवता विचारलं, ‘मंदाकिनीच्या आत्या दिसल्या नाहीत?’ सुमतीला तिथेच दम्याची उबळ आली. बरं झालं, विषय बदलला.

त्र्यंबक सदाशिव
(नक्कल ठेवली आहे)


टेंभी नाका, ठाणे
१८ जानेवारी १९५३

चि. उत्तरास आशीर्वाद.

संक्रांत झाली. मंदाने तुझ्यासाठी तिळगुळाची पुडी बांधून ठेवली होती, ती सोबत पाठवतो. हलवा फुटला असेल तर पोस्टाला बोल, मला नको.

तुझं पत्र या वेळी नीट वाचता आलं. अक्षर सुधारतं आहे. म्हणजे बघ, डावा हात वाटतो तितका निकामी नसतो.

मजकूर मी पुन्हा माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे गोंधळ नको. मोठे डॉक्टर तुला भेटले. त्यांनी तुझा हात पाहिला आणि म्हणाले की कोपराशी हाड पुन्हा कापून, हात तोंडाशी येईल अशा बेताने वाकवून परत जुळवता येईल. जुळेलच असं नाही, पण बहुधा जुळेल. पैसे घेणार नाहीत. मात्र महिपतरावांनी त्यांना एकदा नोटीस धाडली आहे, त्यामुळे माझ्या सहीचा कागद आल्याशिवाय ते सुरीला हात लावणार नाहीत. कागदात काय, तर पहिल्या खेपेला हात सरळ ठेवावा असं पालक म्हणून मी सांगितलं होतं. आणि ते ३१ मार्चला बोटीने विलायतेला निघतात, दोन वर्षांकरता. ३१ मार्चच्या खाली तू दोन रेघा ओढल्यास. मला तारखा दोनदा दाखवाव्या लागत नाहीत.

दोन वर्षं थांबायला काय हरकत आहे, असं मी विचारणार होतो. त्याचंही उत्तर तू आधीच देऊन टाकलंस: दुसरा कोणी डॉक्टर दुसऱ्याने जुळवलेलं हाड उघडायला तयार नाही.

मी नाही म्हणत नाही. पण जे झालं नाही ते मी कसं लिहून देऊ? आणि द्यायचं ठरवलंच, तर कोणत्या शब्दांत? माझी सही असलेला कागद उद्या कुणाच्या हातात जाईल याचा नेम नाही. मंदाचं लग्न ठरलं आहे. यंदा वैशाख अधिक आहे, म्हणून तो उरकला की २४ मेचा मुहूर्त धरला. मुलाचे वडील कल्याणला पंच म्हणून मिरवतात. विहिणीला अजून आत्या बघायची आहे.

तर असं करू. तू मसुदा करून पाठव. मी बघतो.

त्र्यंबक सदाशिव
(नक्कल ठेवली आहे)


टेंभी नाका, ठाणे
८ मार्च १९५३

चि. उत्तरास आशीर्वाद.

तुझा तिसरा मसुदा परत पाठवत आहे. लाल शाईच्या खुणा बघून घे. पहिल्या मसुद्यात तू मला ‘भाऊ’ लिहिलंस, ‘पालक’ नाही. दुसऱ्यात पालक लिहिलंस, पण ऑपरेशनची तारीख राहिली. तिसऱ्यात तारीख आहे, पण ‘सरळ ठेवावा’ याने काही बोध होत नाही. किती सरळ? शिवाय समास सोडलेला नाही. असा कागद माझ्या टेबलावर एखाद्या कुळाने आणला असता तरी मी परत केला असता. बहीण म्हणून नियम बदलत नाहीत.

तू लिहितेस, ‘दादा, मी मसुदे करते आणि तुम्ही दिवस मोजता.’ तोंड फारच सुटलं आहे. आंबिवलीचं पाणी.

आणि पंगतीचं सारखं काय काढतेस? होय, तुझं पान मागच्या पडवीत, मोरीशेजारी मांडत होतो. डाव्या हाताने जेवणारं माणूस मी देवाच्या नैवेद्याच्या घरात, चार माणसांच्या ओळीत कसं बसवू? श्रावणी सोमवारी ब्राह्मण जेवायला आले होते, तेव्हा तू डाव्या हाताने वरणभात कालवलास आणि दोघे तसेच उठले. तो दिवस मी विसरलो नाही. सुमतीने तुझ्यासाठी वाकडी पळी करून आणली होती, उजव्या हातात धरून लांबून तोंडात घालायची. निम्मं पदरावर सांडायचं. ते बघण्यापेक्षा पडवी बरी, तुझ्याही दृष्टीने. मंदा चोरून तुला भरवायची ते मी बंद केलं, हेही खरं. एकतीस वर्षांच्या बाईने अठरा वर्षांच्या पोरीकडून घास घ्यायचे, म्हणजे काय बाळसं धरायचं होतं?

पोळ्या मात्र तू उत्तम करायचीस. हे मी नेहमी म्हणत आलो. ऑपरेशननंतर तर जास्तच. खांद्यातून सगळा जोर यायचा, पोळी कागदासारखी पातळ. सुमतीच्या पोळ्या आता मी दुधात बुडवून खातो. लग्नघरात शंभर पानांचा स्वयंपाक आहे, आणि आचाऱ्याच्या हाताखाली घरचं एक माणूस लागतंच.

तुझी अट वाचली. कागद राहू दे, पण खरं काय ते मी स्वतःच्या हाताने एकदा लिहून कळवलं तर तू लग्नाला येशील, आठ दिवस आधी, आणि विहिणीसमोर हसतमुखाने वावरशील. ‘मला फक्त कळू दे,’ असं लिहिलंस. विचार करतो. सध्या कोर्टात वर्षअखेरीची गर्दी आहे. महिना उलटू दे.

चौथा मसुदा पाठवलास तर समास दोन बोटं सोड.

त्र्यंबक सदाशिव
(नक्कल ठेवली आहे)


टेंभी नाका, ठाणे
२ एप्रिल १९५३

चि. उत्तरास अनेक आशीर्वाद.

महिना उलटला. तुझे मोठे डॉक्टर एव्हाना समुद्रावर असतील. बोट लागते म्हणतात नवख्या माणसाला. त्यांची तब्येत चांगली राहो.

आता तुझी अट पुरी करतो. मी शब्दाला जागणारा माणूस आहे, फक्त वेळ बघून जागतो. शहाण्याने तसंच करावं.

ऑपरेशनच्या सकाळी मोठ्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं. शेवंती खरंच उभी होती, हातात भांडं घेऊन. बोलणं मराठीतच झालं. डॉक्टर म्हणाले, ‘सांधा एकदा जुळला की जन्मभर तसाच राहणार. म्हणून आधीच विचारतो. या बाई या हाताने काय करतात?’

मी म्हटलं, ‘पोळ्या लाटतात, धुणं धुतात, विहिरीचं पाणी शेंदतात. घरचं सगळं.’

‘त्या कामांना हात बराचसा सरळ लागेल. पण मग तो तोंडापर्यंत पोचणार नाही. वाकवून ठेवला तर त्या हाताने जेवतील, वेणी घालतील, पण लाटणं आणि पाणी शेंदणं सुटेल. काय करू?’

मी घड्याळ पाहिलं. अकराला कोर्ट भरतं. मी म्हटलं, ‘सरळ ठेवा. जेवायला डावा आहे की.’

ते म्हणाले, ‘त्यांना विचारू या का? अजून शुद्धीवर आहेत.’

मी म्हटलं, ‘तिला काय विचारायचं? तिचं सगळं मीच ठरवतो.’

झालं ते एवढंच. तू दाराच्या पलीकडे स्ट्रेचरवर होतीस. जाताना मी तुझ्या कपाळाला हात लावला, आणि तू म्हणालीस, ‘दादा, तुम्ही आहात म्हणून मला भीती नाही.’ ते कधीकधी आठवतं. आठवून उपयोग नाही.

एक गोष्ट मात्र मनापासून लिहितो. ‘डावा आहे की’ म्हणताना माझ्या डोक्यात पंगत आली नाही. सोवळ्याओवळ्यात जन्म गेला माझा, आणि नेमकं तेवढंच सुचलं नाही. प्लास्टर निघाल्यावर पहिल्यांदा तू डाव्या हाताने घास घेतलास तेव्हा मला शिसारी आली, आणि त्याच क्षणी कळलं की हे मीच केलं आहे. त्याचाही मग तुझ्यावरच राग आला. माणसाचं असंच असतं.

पुडक्याची गाठ का सोडली नाही, तेही सांगून टाकतो. दावा लागला असता तर डॉक्टर पिंजऱ्यात उभे राहिले असते आणि पहिल्याच प्रश्नाला माझं नाव घेतलं असतं. माझ्याच कोर्टात, माझ्याच लोकांसमोर. म्हणून वर्ष जाऊ दिलं. मसुदे परत धाडले तेही त्यासाठीच. मुदत म्हणजे काय ते तुला आता नीट कळलं असेल. ज्याला थांबता येतं त्याच्या बाजूने कायदा असतो.

झालं तुझं समाधान? खरं हवं होतं, खरं दिलं. आता ना डॉक्टर आहे ना दावा, तेव्हा हे डोक्यातून काढून टाक आणि १६ मेपर्यंत ये. पापड, कुरडया झाल्या आहेत, पण पुरणाच्या पोळ्या तुझ्याच हातच्या हव्यात असं मी विहिणीला बोलून बसलो आहे. लुगडं मी घेऊन ठेवतो. लग्नाच्या दिवसापुरतं तुझं पान कोठीच्या खोलीत मांडू, पडवीपेक्षा बरं.

तुझा दादा,
त्र्यंबक सदाशिव
(नक्कल ठेवली आहे)


आंबिवली
३ मे १९५३

ती. दादा यांस,

दोन्ही हात जोडणं सध्या जमत नाही, म्हणून नमस्कार राहिला.

तुमचं २ एप्रिलचं पत्र ४ तारखेला दुपारी मिळालं. शेवंती कामावरून यायची होती. मी एकटीनेच वाचलं. ‘तिला काय विचारायचं’ इथपर्यंत आले आणि पत्र खाली ठेवून बाहेर अंगणात गेले. मग परत येऊन पुढचं वाचलं. वर ठिकाण, तारीख, खाली पूर्ण सही, सगळं जिथल्या तिथे. समास दोन बोटं सोडलेला. तीन मसुदे मी केले, पण असा एकही साधला नसता.

दादा, मोठे डॉक्टर ३० मेला जाणार आहेत. ३१ मार्च ही तारीख मी माझ्या मनाने घातली होती. जन्मात पहिल्यांदा तुमच्याशी खोटं बोलले, आणि खाली दोन रेघा ओढल्या. तुम्ही तारीख गेल्याशिवाय खरं बोलणार नाही, एवढं मला बारा वर्षांत कळलं होतं.

५ तारखेला मी ते पत्र घेऊन इस्पितळात गेले. डॉक्टरांनी दोनदा वाचलं. शेवंती तिथेच होती. त्यांनी तिला विचारलं, ‘असंच झालं होतं?’ ती म्हणाली, ‘असाच. तवा मला कोन इचारीत होता!’ त्यांनी पत्र घडी घालून टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, ‘मी तुम्हाला विचारायला हवं होतं. त्यांनी नको म्हटलं आणि मी ऐकलं.’ १३ तारखेला त्यांनी हाड पुन्हा कापलं.

फार दुखतं. पहिल्यापेक्षा जास्त. जुनी जखम पुन्हा थोडी वाहते आहे, आणि हाड जुळेल की नाही ते पावसाळ्यानंतर कळेल. नाही जुळलं तर हात लोंबकळत राहील, हेही त्यांनी आधीच सांगितलं. मला सांगितलं. माझ्या तोंडावर.

तुमचं मूळ पत्र डॉक्टरांनी कागदांना लावून ठेवलं आहे. त्याआधी महिपतरावांनी त्याच्या दोन खऱ्या नकला करून घेतल्या. पत्र वाचून ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, एखादी गोष्ट कुणी कपटाने दडवून ठेवली असेल, तर ती ज्या दिवशी कळते त्या दिवसापासून मुदत धरतात. डॉक्टरांवर नव्हे, दडवणाऱ्यावर. तुम्हाला हे ठाऊक असणारच, लिहिण्याच्या आनंदात सुटलं असेल. म्हणजे माझं वर्ष ४ एप्रिलला सुरू झालं आहे. मी दावा करीन की नाही ते सांगणार नाही. तुम्ही मला दर महिन्याला विचारत जा, तारीख पडली का म्हणून. मी बघते.

मंदाच्या सासरच्यांना मी काही कळवलेलं नाही. मंदाचा यात दोष नाही. तिने मला भरवलेलं माझ्या अंगी लागलं आहे. पण मला कुणी सरळ विचारलं, हात कसा झाला, तर मी खोटं बोलणार नाही. एकदा बोलले तेवढं पुरे. त्यांना तुम्ही आधी काय सांगायचं ते ठरवा. मसुदे तुम्हाला चांगले जमतात.

लग्नाला येईन म्हटलं होतं, येणार आहे. १६ तारखेला. लुगडं नको. माझं पान कोठीत मांडू नका, पडवीत मांडू नका. विहिणीच्या ओळीत मांडा, मी सांगते म्हणून. हात प्लास्टरमध्ये आहे, तोंडापासून चार बोटांवर. बोटं मोकळी आहेत. काल शेवंतीने त्यांच्यात भाकरीचा तुकडा दिला आणि मी मान थोडी पुढे करून तो खाल्ला. उजव्या हाताने. दोन वर्षं आणि पावणेतीन महिन्यांनी. शेवंती रडली, मी नाही रडले. मला भूक होती.

पुरणाच्या पोळ्यांचं मात्र विहिणीला दुसरं काहीतरी सांगा. ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टर माझ्याजवळ येऊन बसले आणि तोच प्रश्न त्यांनी मला विचारला, या हाताने काय करायचं आहे? वाकवून ठेवला तर लाटणं सुटेल, असंही म्हणाले. मी म्हटलं, जेवायचं आहे. या हाताला आता तुमचा पोळपाट कधीच पोचणार नाही, तेव्हा एखादी बाई आत्तापासून बघून ठेवा.

उत्तरा